भिंतीमागचा बाक

८ जानेवारी

नमस्कार,

तुला 'तुम्ही' लिहावं की 'तू', यावर दोन कागद फुकट गेले. अठ्ठावीस वेळा एका बंद खोलीत एकमेकींच्या कोपरांचा मार खाल्लेल्या बायकांनी अहो-जाहो करणं बरं दिसत नाही, म्हणून 'तू'. आवडलं नाही तर कळव.

मी भिंत. वर्तमानपत्रवाल्यांनी ठेवलेलं हे नाव मला कधीच आवडलं नव्हतं. आता दुसऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही, म्हणून तेच लिहिते.

कामाचं आधी. आपल्या जुन्या स्क्वॉश क्लबाने माझ्या नावाची एक खोली केली आहे. बारा वर्षांत एकही सामना हरले नाही, त्याबद्दल. मागच्या आठवड्यात बघून आले. काचेच्या कपाटात माझे बूट आहेत, डाव्याची टाच झिजलेली. फोटो चौदा आहेत आणि चौदाही फोटोंत मी आणि करंडक. खोली मांडणाऱ्या बाईंनी विचारलं, घरच्यांबरोबरचा एखादा नाही का? त्यांना सांगितलं की आई मला आठवत नाही. वडील याच क्लबाची कोर्टं झाडायचे, त्यांनीच मला शिकवलं, आणि पहिला करंडक बघायच्या आत ते गेले. 

आता त्यांना माझ्या वह्या हव्या आहेत. माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या प्रत्येकीची मी एक वही ठेवायचे, हे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून तुम्ही हसायचात. कोण कधी दमते, कोणाचा पाय कुठे अडतो, ते सगळं त्यात आहे. गोड असं काही नाही. जिची वही तिला विचारल्याशिवाय द्यायची नाही, असं ठरवलं. अकरा जणींच्या वह्या आहेत. नऊ जणींनी 'खुशाल दे' म्हणून कळवलं, एक वारली, आणि तू उरलीस. तुझी वही सगळ्यांत जाड आहे.

माझं बरं चाललं आहे. तिसरा मजला, उजवा गुडघा नवा. सकाळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर शंभर वेळा चेंडू मारते. थंड चेंडू उडत नाही, म्हणून आधी तो थोडा वेळ मुठीत धरून बसते. खालच्या मजल्यावरच्या बाई आवाजाबद्दल चिठ्ठी पाठवतात आणि मी चिठ्ठीला उत्तर पाठवते. या वह्यांचं निघेपर्यंत माझा पत्रव्यवहार तेवढाच होता.

'हो' किंवा 'नाही' एवढं कळवलंस तरी पुरे.

भिंत

२१ जानेवारी

भिंतबाई,

'तू'च लिही. मला 'तुम्ही' फक्त जावई म्हणतो आणि तेही काही काम असलं की.

पहिली गोष्ट, अठ्ठावीस नाही, सत्तावीस. एकदा माझा पाय मुरगळला होता, तो सामना मी धरत नाही. दुसरी गोष्ट, 'हो किंवा नाही एवढं कळव' म्हणे. तीस वर्षांनी पत्र लिहितेस आणि वीजबिलाच्या नोटिशीसारखं लिहितेस. तुझा स्वभाव तसूभरही बदललेला नाही, हे बघून बरं वाटलं.

माझं आता चष्म्यांचं दुकान आहे. नवरा डोळे तपासतो, मी नाकावर चष्मा बसवते. दिवसभर लोकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन कान किती वर-खाली आहेत ते बघायचं, हेच काम. कोणाचेच कान सारखे नसतात. दुकानात येणाऱ्या कुणालाही माहीत नाही की मी कधीकाळी देशात दुसरी होते. पहिली असते तर पाटीवर लिहिलं असतं.

वही खुशाल दे, पण एका अटीवर. आधी मला सांग, त्यात काय लिहिलं आहेस. थट्टेत विचारत नाहीये. माझ्या जिवाला एक गोष्ट लागून राहिली आहे.

माझी आई तुला आठवते का? शर्टांना काजं-बटणं करायचं काम घरी आणायची. माझ्या सामन्यालाही ते काम घेऊन यायची आणि गॅलरीत तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायची. एकोणीस सामने आली. एकोणिसावा मी पाचव्या गेमला दोन गुणांनी घालवला, तो अंतिम सामना. घरी जाताना रस्त्यात मी तिला म्हटलं, 'तू समोर बसलीस की मी हरते. येत नको जाऊस.' ती म्हणाली, 'बरं.' एवढंच. चिडली नाही की रडली नाही. त्यानंतर सामन्याच्या दिवशी मावशीकडे जायला लागली. थर्मास आणि दोन पेले पिशवीत टाकायची आणि निघायची. मावशीकडे काय कपबशा नव्हत्या? पण तिचं सगळं असंच.

पुढचे नऊ सामनेही मी हरले. ('नऊ' लिहिलं म्हणजे अठ्ठावीस झाले, कळलं मला. हसू नकोस.) आई सहा वर्षांपूर्वी गेली. तो विषय तिने कधी काढला नाही आणि माझीही हिंमत झाली नाही.

कोर्टावर मला तुझ्याइतकं बारकाईने कुणी पाहिलेलं नाही. म्हणून तुलाच विचारते. आईमुळे मी खरंच हरत होते का? वहीत काही असेल तर जसं असेल तसं सांग.

नंबर दोन

३ फेब्रुवारी

नंबर दोनबाईंना,

तुझी आई गेल्याचं तुझ्या पत्रातूनच कळलं. वाईट वाटलं.

वहीतली बावीस पानं झेरॉक्स करून पाठवते आहे. सारांश असा. डाव्या मागच्या कोपऱ्यात तुझं दुसरं पाऊल उशिरा पडायचं. चेंडू अलगद पुढे सोडायचीस तेव्हा आधीच खांदा पडायचा, त्यामुळे मला कळायचं. पाचव्या गेमला उजव्या कुशीत कळ यायची आणि तू ती लपवायचीस. चिडलीस की चेंडू खाली मारायचीस, म्हणून भिंतीच्या तळाचा पत्रा वाजून गुण जायचा. हरायची कारणं ही.

तुझ्या आईबद्दल वहीत काही नाही. तिच्या असण्या-नसण्याचा तुझ्या खेळाशी काही संबंध नव्हता. हे मनातून काढून टाक.

खोलीचं उद्घाटन एप्रिलच्या मध्याला आहे. तू 'हो' म्हटलंस असं धरून चालते.

भिंत

१४ फेब्रुवारी

भिंत,

पत्र मिळालं. तुझी पानं दोनदा वाचली. कुशीतली कळ तुला माहीत होती हे वाचून गंमत वाटली. नवऱ्याला अजून माहीत नाही.

तू मला दिलासा द्यायला म्हणून लिहिलंस, ते कळतं. पण आता माझी अवस्था ऐक. मला वाटत होतं तू लिहिशील, हो बाई, आई समोर असली की तुझं चित्त थाऱ्यावर नसायचं. मग मी तिला जे बोलले ते कडू असलं तरी खोटं नव्हतं, असं स्वतःला सांगता आलं असतं. तू लिहितेस, काही संबंध नव्हता. म्हणजे माझं दुसरं पाऊल उशिरा पडायचं आणि त्याची शिक्षा मी आईला दिली. दिवसभर काजं करून जिचे डोळे लाल व्हायचे, तिची एकुलती एक हौस मी बंद केली, आणि तीही विनाकारण.

काल एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर चष्मा तीनदा काढून बसवला, तरी तिरकाच बसला. त्यांना वाटलं, मीच आजारी आहे. पाणी देऊ का म्हणाल्या.

आणखी एक. शेवटच्या नऊ सामन्यांच्या पानांवर खालची दोन बोटं जागा कोरी आली आहे. आधीच्या पानांवर तू अगदी काठापर्यंत लिहिलं आहेस. तिथे काहीतरी झाकून झेरॉक्स काढलीस ना? आयुष्य बारीक नंबर वाचण्यात गेलं माझं, एवढं कळतं.

काय झाकलंस?

नंबर दोन

२० मार्च

प्रिय,

महिन्याभरात सहा वेळा लिहायला बसले. खालच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, आवाज का येत नाही, बरं आहे ना? सांगायचं म्हणजे मी सकाळी चेंडू मारणंही सोडलं होतं.

मी तुला खोटं लिहिलं. तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढंच कारण नव्हतं.

तुझ्या वहीचं चौथं पान मी पाठवलंच नव्हतं. त्यावर आहे : 'गुण गेला की वर बघते, तिसरी रांग, कडेची खुर्ची. मान खाली यायच्या आत सर्व्हिस करायची.' मी तसंच करायचे. तू पंचांना 'तयार नव्हते' म्हणाली असतीस तर त्यांनी ती सर्व्हिस परत घ्यायला लावली असती. तू एकदाही म्हणाली नाहीस, कारण मग कुठे बघत होतीस ते सांगावं लागलं असतं. तेव्हा तू आईला बोललीस त्यात तथ्य होतं. पण विसाव्या सामन्याच्या दुसऱ्या पानावर, तेही मी पाठवलं नव्हतं, पुढचं आहे : 'आई नाही. तरी वर बघते. आता जास्त वेळ.' ती असताना तू पटकन बघून मान खाली घ्यायचीस. रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचीस.

आता झाकलेल्या जागेचं. त्या नऊ पानांवर तळाशी एकच शब्द आहे. 'चहा.'

सामना संपल्यावर पुढच्या दाराशी सगळ्यांची माणसं उभी असायची. त्यांच्यामधून एकटीने जायला मला नको व्हायचं, म्हणून मी मागच्या दाराने निघायचे. तिथे कोर्टाच्या समोरच्या भिंतीमागे एक बोळ आहे, झाडू आणि बादल्या ठेवायचा. एक बाक आहे. माझे वडील झाडून झालं की त्यावर बसायचे. विसाव्या सामन्यानंतर मी त्या बोळात गेले, तर बाकावर तुझी आई बसली होती. मांडीवर शर्ट, दातांत दोरा. मला बघून उठली नाही. म्हणाली, 'तिसऱ्या गेमला तिचा दम गेला ना? पत्रा फार वाजला.' भिंतीतून तिला सगळं ऐकू यायचं. चेंडू, पत्रा, गुण पुकारणारा. मग म्हणाली, 'तिला सांगू नकोस हं, मी बहिणीकडे गेले आहे.' आणि मग मला म्हणाली, 'जेवलीस का?'

मला तोवर सामन्यानंतर कुणी असं विचारलं नव्हतं. तिने थर्मासच्या झाकणात चहा दिला. पुढच्या सामन्याला तिच्या पिशवीत दोन पेले होते.

नऊच्या नऊ सामन्यांना ती तिथे होती. तू ज्या भिंतीवर चेंडू मारत होतीस, तिच्या पलीकडे. नुसत्या आवाजावरून चेंडू तुझ्या रॅकेटवरून आला की माझ्या, हे ती ओळखायची. तुझा गुण झाला की टाका घालायची, पत्रा वाजला की तिचा हात थांबायचा. हे तिनेच मला सांगितलं.

सव्विसावा सामना तुला आठवत असेल. पाचवा गेम, तू आठ, मी सहा, सर्व्हिस तुझी. तेव्हा गेम नऊ गुणांचा असायचा; एक गुण आणि माझी सगळी वर्षं संपली असती. त्या वेळी मी करंडकाचा विचार करत नव्हते. तू जिंकलीस तर ती न राहवून पुढच्या दाराशी तुझ्याकडे धावेल, हे मला दिसत होतं. तसंच व्हायला हवं होतं. आणि मी मागच्या दाराने बाहेर पडेन तेव्हा बाकावर कोणी नसेल. मी तुझी सर्व्हिस मोडली. तू मान वर करून त्या खुर्चीकडे बघितलंस. ती खुर्ची रिकामी का आहे आणि तुझी आई कुठे बसली आहे, हे मला माहीत होतं आणि तुला माहीत नव्हतं. तू बघतच होतीस तेवढ्यात मी सर्व्हिस केली. पुढचे तीन गुण तसेच घेतले.

बारा वर्षं मी हरले नाही त्यात माझी मेहनत आहे, ती मी कुणाला देणार नाही. पण तुझ्याविरुद्धचे ते शेवटचे सामने मी एका पेल्यासाठी जिंकले. तिने 'सांगू नकोस' म्हटलं म्हणून गप्प राहिले, असं म्हणता येईल. खरं म्हणजे सांगितलं असतं तर तू तिला आत बोलावलं असतंस, म्हणून गप्प राहिले. खेळ सोडल्यावर तिला भेटायला जावं असं हजारदा वाटलं. कोण म्हणून जाणार होते?

वही मी अजून दिलेली नाही. तू सांगशील तसं.

तुझी
भिंत

९ एप्रिल

तुझं पत्र नाही, ते समजू शकते. सोमवारी क्लबाच्या बाई वह्या न्यायला येणार आहेत. तुझी वही बाजूला काढून ठेवली आहे. तुझ्याकडून काही आलं नाही तर ती देणार नाही, आणि तुला पुन्हा लिहून त्रासही देणार नाही.

आज सकाळी चेंडू पुन्हा काढला. मुठीत धरून बराच वेळ बसले होते, तरी गरम झाला नाही.

भिंत

११ एप्रिल

भिंत,

हे पत्र दुकानाच्या माणसाबरोबर पाठवते आहे, सोमवारच्या आत तुझ्या हातात पडावं म्हणून.

तीन आठवडे मी तुला मनात इतकं बोलून घेतलं की आता लिहायला फारसं उरलं नाही. आठ-सहा मला आठवतं का विचारतेस? मला अजून झोपेत दिसतं. मला वाटायचं, माझीच छाती कमी पडली. तू नऊ वेळा त्या बाकावर बसलीस आणि एकदाही तुला वाटलं नाही, भिंतीच्या अलीकडे कोणीतरी आपल्या आईला शोधते आहे? माफ केलं असं मला लिहिता येत नाही. लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं तू एकदा लिहून बघितलंस.

मावशीकडे गेले होते. ती आता नव्वदीची आहे, अर्धं विसरते. तिला विचारलं, आई सामन्याच्या दिवशी तुझ्याकडे यायची ना? ती म्हणाली, 'छे गं, त्या दिवशी कुठली? त्या दिवशी तर ती तुझा खेळ बघायला जायची.' मी म्हटलं, बघायला नाही, ऐकायला. मावशी म्हणाली, तेच ते. मग मी तिच्या उशाशी बसून पोटभर रडले, आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवत विचारत राहिली, कोण गेलं?

कोणी गेलं नव्हतं, भिंत. तीस वर्षं मी धरून बसले होते की मी तिला घालवली आणि ती 'बरं' म्हणून गेली. ती गेलीच नव्हती. माझं ऐकलं फक्त, आणि समोरून उठून मागे जाऊन बसली. हे मला सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं आणि ते तू निघालीस. याचं मी काय करू, मला कळत नाही. राग आला की ती तुला 'जेवलीस का' विचारताना दिसते आणि राग अर्ध्यावर राहतो. आमच्याकडे तिने तुझं नाव एकदाच काढलं होतं. तू खेळ सोडल्याची बातमी आली तेव्हा म्हणाली, 'आता त्या पोरीच्या जेवणाचं कोण बघतं?' मला तेव्हा वाटलं, माझ्या शत्रूची हिला कसली काळजी.

वही देऊन टाक. चौथं पानही दे. मी वर का बघायचे ते लोकांना वाचू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती नऊ पानं मात्र फाडून घे. क्लबाला देऊ नकोस आणि पोस्टानेही पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. मला त्यातला प्रत्येक चहा ऐकायचा आहे, ती काय बोलली, कुठला शर्ट होता, साखर किती घालायची, सगळं. ते ऐकताना मी तुला काही वेडंवाकडं बोलले तर बोलू दे.

दोन्ही पेले माझ्याकडे आहेत. एकाचा कान तुटला आहे, तो तुझा होता की तिचा ते तूच सांग.

दुकान रविवारी बंद असतं. रविवारी ये, आणि येताना जेवून येऊ नकोस.

नंबर दोन